उजवीकडचा माईक

३ मार्च, मंगळवार

आत्या हो म्हणाली.

हे एक वाक्य लिहिण्यासाठी नवी वही काढली आहे. तीन वर्षं मी हात धुऊन तिच्या मागे लागले होते, की तुझा तो मध्यंतराचा तुकडा एकदा माझ्याकडे येऊन रेकॉर्ड कर, आणि दर वेळी तिने मला उडवून लावलं होतं. आज सकाळी तिचाच फोन, लहानपणी ठेवलेल्या नावाने हाक मारत. "भिंगरे, तुझी खोली या महिन्यात रिकामी आहे का?" माझी रेकॉर्डिंगची खोली रिकामी नव्हती. एका जाहिरातवाल्याला शब्द दिला होता. त्याला दुसरीकडे पाठवला आणि आत्याला सांगितलं, अगदी रिकामी आहे.

नीट लिहून ठेवते, म्हणजे पुढे वाचताना संदर्भ लागेल. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. एका मोठ्या हॉटेलच्या हॉलमध्ये तिने एकतीस वर्षं बँडबरोबर ड्रम वाजवले. मध्यंतरात बँडमधले बाकीचे पाय मोकळे करायला जायचे, लोक उठून खाण्यापिण्याकडे वळायचे, आणि हॉल सुनासुना वाटू नये म्हणून मॅनेजर तिला जागेवर बसवून ठेवायचा. त्या सात मिनिटांत ती एकटी वाजवायची. रोज वाजवून वाजवून त्याचा एक घाट ठरला. बाबा त्याच हॉटेलात कामाला होते, त्यामुळे शाळा सुटली की मी तिथेच. स्टेजच्या मागच्या पायरीवर बसून तो तुकडा मी शंभरदा तरी ऐकला असेन. ताल म्हणजे काय ते मला त्या पायरीवर कळलं. पण त्याचं रेकॉर्डिंग कुठेही नाही, एका सेकंदाचंही नाही.

आणि आता अठ्ठावीस तारखेला दादा, म्हणजे तिचा मुलगा, तिला कायमची आपल्या घरी घेऊन जाणार आहे. आठवा मजला, खालीवर शेजारी, ड्रमचं नाव काढायचं नाही. आत्या इथे एकटी मजेत असताना याला मध्येच काय सुचलं कोण जाणे. सगळ्यांची व्यवस्था लावायची त्याला लहानपणापासून हौसच आहे. ते असो. हातात पंचवीस दिवस आहेत आणि तुकडा वाचवायचा आहे. आज आनंदाने मला जेवण गेलं नाही.

५ मार्च, गुरुवार

ड्रमच्या रेकॉर्डिंगचा जीव डोक्यावर टांगलेल्या दोन माईकांत असतो. एकेका ड्रमला जवळून माईक लावता येतात, लोक लावतातही, पण त्या प्रत्येकाला आपल्यापुरतं ऐकू येतं. वरचे दोघे सगळं ऐकतात. झांजा, हातांची ये-जा, खोलीतली हवा. आत्यासाठी मी हे दोघे आणि पायाच्या मोठ्या ड्रमपुढे एक, एवढेच लावणार आहे. त्यामुळे ते दोन कोणते, यावर सगळं अवलंबून.

दाढीच्या दुकानात दोन तास गेले. दाढी, त्याच्या दाढीवरून आम्ही त्याला तेच म्हणतो, माईक विकतो, भाड्याने देतो आणि न मागता सल्ले देतो. आत्याचं नाव काढल्यावर मात्र तो उठून उभा राहिला. तरुणपणी त्याने त्या हॉलमध्ये साउंडचं काम केलं होतं म्हणे. पण मध्यंतर झालं की तो चहाला जायचा, याची आज त्याला माझ्यासमोर लाज वाटली. तीन जोड्या त्याने काढून दिल्या आणि महिनाभर ठेव म्हणाला.

पहिली जोडी बारीक, बोटाएवढ्या माईकांची. मी त्यांना पेन्सिली म्हणते. झांजेवर माशी बसली तरी त्या सांगतात. दुसरी जाडजूड, डब्यांसारखी, आवाज भरलेला. तिसरी रिबनची, आत पातळ धातूची पट्टी असलेली जुन्या पद्धतीची. तिचा आवाज मऊ, वरची धार जणू बोथट केलेली. तिच्यावर फुंकरसुद्धा मारू नकोस, असं दाढीने तीनदा बजावलं. गाडीत मी ती पेटी मांडीवर घेऊन बसले. मास्तर, म्हणजे माझा नवरा, शाळेत गणित शिकवतात आणि गाडी गोगलगायीच्या वेगाने चालवतात. ते म्हणाले की लग्नात तू मलासुद्धा इतकं जपून धरलं नव्हतंस.

७ मार्च, शनिवार

ड्रम आले. टेम्पोतून मी आणि मास्तरांनी उतरवले, आत्या जॅकेटच्या खिशात दोन्ही हात घालून सूचना देत होती. मास्तरांनी मोठा ड्रम उलटा ठेवला तेव्हा त्यांना बोलणी बसली.

आणि आज एक मोठीच गोष्ट झाली. आत्याने मला झांजांच्या स्टँडचे स्क्रू पिळू दिले! या स्टँडला हात लावल्याबद्दल लहानपणी मी पाठीत धपाटे खाल्लेत. मोठी झाल्यावरही ती मला फक्त पिशव्या उचलू द्यायची. आज म्हणाली, कर तू, तुझी खोली, तुझे स्क्रू. म्हणजे अखेर तिने मला आपल्या पंगतीला घेतलं. मी एवढी फुगले की एक स्क्रू जास्तच पिळला गेला.

माझी खोली पूर्वी पुस्तकं बांधायचा कारखाना होती. सात मीटर लांब, जमीन लाकडी, भिंतींना अजून खळीचा वास येतो, आणि एका कडेला काचेआड माझं टेबल. ड्रम मधोमध मांडले आणि मग दोरी काढली. स्नेअरच्या, म्हणजे मांडीजवळच्या छोट्या ड्रमच्या मध्यावर दोरीचं एक टोक धरायचं आणि दुसरं आधी डाव्या माईकला, मग उजव्याला भिडवायचं. अंतर दोन्हीकडे तेच हवं. नाहीतर एकच ठोका एका माईकला आधी पोचतो, दुसऱ्याला नंतर, आणि आवाज पोकळ होतो. दोरीचं टोक आत्याने डाव्या हाताने धरलं आणि म्हणाली, तू शिंपी व्हायला हवी होतीस.

चहा मात्र ती हल्ली अर्धाच कप घेते. वजनाचं मनावर घेतलेलं दिसतंय.

९ मार्च, सोमवार

पेन्सिली लावल्या. पहिला ठोका पडला आणि माझ्या अंगावर काटा आला. काय दिसत नव्हतं त्यात! काठीचं टोक, काठीची बाजू, झांज हलून परत जागेवर येताना होणारी सळसळ, सगळं.

फक्त एक खोट. उजवी बाजू किंचित मागे पडते. उजवीकडे राइड असते, मोठी झांज, जिच्यावर उजवा हात सतत चालू असतो. तिची टिकटिक पायाच्या ड्रमबरोबर पडायला हवी, ती केसभर मागून येते. दोरी चुकली असणार. उद्या पुन्हा मोजते.

आत्याला पेन्सिली मुळीच आवडल्या नाहीत. तोंड फिरवून म्हणाली, फार टोचतात. मग हेडफोन काढून ठेवला आणि खिडकीशी जाऊन उभी राहिली.

दुपारी दादाचा फोन. आईला तासाभरापेक्षा जास्त बसवू नकोस, गोळी घेतली का विचार. रक्तदाबाची असेल. मी म्हटलं, दादा, ती अडुसष्टची आहे, आठ वर्षांची नाही. तो म्हणाला की ठीक आहे, पण विचार.

१० मार्च, मंगळवार

दोरी बरोबर होती. तरी उजवा माईक बोटभर खाली घेतला. फरक नाही. दोन बोटं घेतला. आत्या म्हणाली, असंच करत राहिलीस तर तो माझ्या डोक्यावर बसेल.

१२ मार्च, गुरुवार

डबे लावले. पायाचा ड्रम असा भरून आला की मास्तर शेजारच्या खोलीतून वह्या तपासायचं सोडून आले. पण उजवी बाजू मागेच. आता मात्र मला ईर्षा चढली आहे. माईकांची अदलाबदल केली, डावा उजवीकडे, उजवा डावीकडे. तरी राइड मागे. वायरी बदलल्या. तरी मागे. म्हणजे आतापर्यंत लावलेले दाढीचे चारही माईक बिघडलेले असणार. त्याला फोन करून चार शब्द सुनावले. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "वाजवणारीला विचारलंस का?" मी म्हटलं, तिचा काय संबंध? घड्याळ चुकेल, आत्या चुकणार नाही.

आणखी एक विचित्र गोष्ट. सकाळी उजवी बाजू जरा बरी असते, दहाएक मिनिटं वाजवून झाली की जास्त मागे जाते. माईक तापत असावेत. पंखा लावून पाहिला, तर पंख्याचाच आवाज रेकॉर्ड झाला.

१४ मार्च, शनिवार

आज आमचं भांडण झालं.

रिबनवाले लावले. आत्याने दोन मिनिटं वाजवलं, आत येऊन ऐकलं आणि पहिल्यांदाच तिचा चेहरा सैल झाला. म्हणाली, "हेच. आता शोधाशोध पुरे." पण मला ते ऐकून रडू यायचं बाकी होतं. आवाज गोड आहे, नाही असं नाही, पण झांजेवर कुणीतरी शाल पांघरल्यासारखा. राइड मागे आहे की पुढे, तेही कळत नाही, कारण राइडची टिकटिकच विरघळून जाते. मी म्हटलं, आत्या, तुझे कान जुन्या रेडिओवर वाढलेत, म्हणून तुला हे आवडतंय. ती म्हणाली, रेकॉर्डिंग माझं आहे ना? मी म्हटलं, खोली माझी आहे. हे मी बोलायला नको होतं.

ती निघून गेली. जाताना जॅकेटची चेन लावायला तिला वेळ लागला. रागाने हात थरथरत होते. इतका राग मी तिला आणावा, याचं मला फार वाईट वाटलं.

१६ मार्च, सोमवार

माफी मागितली. ती लगेच विसरली, तिचं मन मोठं आहे. पण आजही मी आडून आडून पेन्सिलींचाच विषय काढत होते. सुधारणा नाही.

१७ मार्च, मंगळवार

आज शहाण्यासारखं वागायचं ठरवलं. अंदाज पुरे, मोजायचंच. आत्या गेल्यावर पेन्सिलींचं रेकॉर्डिंग संगणकावर उघडलं. पायाच्या ड्रमचा ठोका कुठे पडतो आणि राइडचा कुठे, दोन्हींत अंतर किती, असे चाळीस ठोके मोजले. सरासरी आली सेकंदाचे तीन शतांश. काही ठिकाणी दोन, शेवटाकडे चारही. चेव आला. आकडा हातात आला की चोर पकडल्यासारखं वाटतं.

मास्तर शाळेतून आले, त्यांना विजयाने दाखवलं. त्यांनी चष्मा वर केला आणि एका पाकिटाच्या पाठीवर आकडेमोड केली. आवाज सेकंदाला तीनशे चाळीस मीटर जातो. तीन शतांशात जातो दहा मीटर. म्हणजे माईकामुळे एवढा उशीर व्हायचा तर उजवा माईक डाव्यापेक्षा दहा मीटर लांब हवा.

"तुझी खोली सात मीटरची आहे," ते म्हणाले. "भिंत फोडून रस्त्यावर टांगलायस का?"

मग वायर, मी म्हटलं. वायरीतून वीज याहून कितीतरी वेगाने जाते, ते म्हणाले. मग संगणक. संगणकाने डावी बाजू कशी वेळेवर आणली, ते म्हणाले. मी पुढचं कारण शोधत होते आणि ते माझ्याकडे नुसते बघत होते. चहा टाकायला आत गेले.

१८ मार्च, बुधवार

हात. तिचा उजवा हात.

काल पाकीट समोर ठेवून बसले होते तेव्हा कळलं आणि एकदा कळल्यावर सगळंच कळत गेलं. खिशातले हात. स्क्रू. अर्धा कप चहा. चेन. गोळी. मी बरोबरीची झाले म्हणून फुगले होते, आणि तिला तो स्क्रू पिळता येत नव्हता. दहा दिवस मी तिच्यासमोर दोरी घेऊन नाचत होते, माईक बोटभर खाली, दोन बोटं खाली, आणि ती माझी थट्टा करत होती, म्हणजे मला संशय येऊ नये.

दादाला फोन करावासा वाटला. केला नाही. मी त्याला इतके दिवस काय काय म्हटलंय ते आठवून तोंड लपवावंसं वाटतंय.

आज आत्या आली तेव्हा मी तिच्या हाताकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, त्यामुळे दर मिनिटाला बघत होते.

२० मार्च, शुक्रवार

तोडगा सापडला, आणि असा की कुणाला काही बोलावंच लागणार नाही. रिबनवाले लावायचे, तिला हवे तेच. मऊ आवाजात उशीर निम्मा झाकला जातो. उरलेला मी संगणकावर झाकेन. मागे पडलेला प्रत्येक ठोका पकडायचा आणि ओढून जागेवर बसवायचा. आज दिवसभर बसून परवाच्या रेकॉर्डिंगचं पहिलं एक मिनिट दुरुस्त केलं. दोनशे अकरा ठोके. डोळे चुरचुरतायत, पण ऐकते तर काय, पायरीवर बसून ऐकलेली आत्या! तशीच्या तशी. मी एकटीच टाळ्या पिटल्या. उद्या तिला ऐकवते. काय केलंय ते सांगायचं नाही, म्हणायचं, माईक नीट बसले.

२१ मार्च, शनिवार

ऐकवलं. आत्या स्पीकरांच्या मध्ये बसली होती, मी तिच्या मागे, तिच्या पाठीकडे बघत. मिनिट संपलं.

"कोण वाजवतंय?"

"तूच की."

"नाही गं. ही कुणीतरी चांगली वाजवणारी बाई आहे. मी नाही."

मी माईकांबद्दल काहीतरी बोलू लागले. तिने खुर्ची वळवली आणि उजवा हात माझ्यासमोर धरला. पहिल्यांदाच, मुद्दाम. तो हलत होता. फार नाही, पण आपल्या मनाने. मी तो धरायला गेले आणि तिने डोळे वटारले.

मग तिने सगळं सांगितलं, भाजीचा भाव सांगावा तसं. वर्ष झालं. डॉक्टरांनी त्याला नाव दिलंय, गोळ्या दिल्यात, आणि पुढे काय काय होईल ते दादाला सांगितलंय. म्हणून आठवा मजला. दादाने फर्मान वगैरे काढलेलं नाही, तिनेच त्याला विचारलं की ठेवशील का मला, आणि तो त्याच दिवशी तिच्यासाठी खोली रंगवायला लागला. मला का नाही सांगितलं, असं मी विचारलं.

"सांगितलं असतं तर तू माईक सोडून माझ्याकडे बघत बसली असतीस," ती म्हणाली. "मला माईककडे बघणारी हवी होती."

रिबन तिला आवडले होते ते त्यांच्यात ती दिसत नव्हती म्हणून. तेही तिने सरळ सांगितलं. पेन्सिलींत पहिल्या दिवशी तिने स्वतःचा हात ऐकला आणि घाबरली. खिडकीशी जाऊन उभी राहिली होती ती त्यासाठी. पण आज त्या दुरुस्त बाईला ऐकून ती त्याहून जास्त घाबरली. एकतीस वर्षांत एकदा रेकॉर्ड करायचं, आणि त्यात आपण नसायचं?

"त्या टोचणाऱ्या लाव परत," ती म्हणाली. "आणि तुझी ती दोरी ठेवून दे."

दोनशे अकरा ठोके मी तिच्यासमोर पुसून टाकले. एका बटणात गेले. वाईट वाटलं नाही, उलट हलकं वाटलं, आणि लगेच डोक्यात पेन्सिली कुठे टांगायच्या हे सुरू झालं.

२४ मार्च, मंगळवार

तीन दिवस आम्ही दोघी वेड लागल्यासारख्या काम करतोय. इतकी मजा मला या खोलीत कधीच आली नव्हती.

पेन्सिली मी हातभर वर नेल्या. तिथे त्या टोचत नाहीत, पण बोलायचं काही सोडत नाहीत. आधी मी त्या झांजांवर रोखल्या होत्या, आता आत्यावर रोखल्यात. म्हणजे तिच्या खांद्यांवर, हात जिथून निघतात तिथे. हे कुठल्या पुस्तकात नाही. दाढीला फोन करून सांगितलं, आणि जमल्यास त्या दिवशीचं माझं बोलणं विसर म्हटलं. तो म्हणाला, कुठलं बोलणं?

आत्याने तुकडाच मोडायला घेतला आहे. पूर्वी पाय वेळ ठरवायचा आणि हात त्याच्यामागे धावायचे. आता ती उजव्या हाताला पुढे घालते. तो ज्या वेगाने येईल तो वेग, पायाने त्याच्यासाठी थांबायचं. सात मिनिटांचा तुकडा साडेनऊचा झालाय. पूर्वी तो चमकायचा, आता तो चालतो. सकाळी तीन वेळा करायचा, मग बंद. तासाचं बंधन मीच पाळते, घड्याळ लावून. दादाचा फोन आला तर मीच आधी सांगितलं, गोळी घेतली, जेवली, पाय वर करून बसली आहे.

पाचव्या मिनिटाला मात्र अडतं. तिथे उजव्या हाताचं काम फार दाट आहे आणि तोवर तो दमलेला असतो. आज तिन्ही वेळा तिथे काठी निसटली आणि जमिनीवर घरंगळत गेली. तिसऱ्या वेळी आत्याने काठीला अशी शिवी दिली की पेन्सिलींनी ती अगदी स्वच्छ टिपली आहे. ती मी जपून ठेवणार.

२६ मार्च, गुरुवार

झालं! पहिल्याच खेपेला झालं. अक्षर वाकडं येतंय.

सकाळी साडेनऊ. मास्तरांनी शाळेतून अर्धी रजा काढली होती आणि दाराबाहेर स्टूल टाकून बसले होते, कुणी बेल वाजवू नये म्हणून. आत्या बसली, गुडघे हलवून घेतले, काचेतून माझ्याकडे पाहिलं नाही. मी बटण दाबलं.

पहिली चार मिनिटं मी वर्णन करत नाही, मला जमणार नाही. राइड मागे नव्हती. म्हणजे होती, पण बाकी सगळं तिच्यासोबत होतं, त्यामुळे मागे राहायला पुढे कुणी नव्हतंच. मग पाचवं मिनिट आलं. मी टेबलाची कड घट्ट धरली. आत्याने दाट जागेत पाऊल टाकलं, आठ-दहा ठोके, आणि राइड थांबली. मग हेडफोनमध्ये एक अगदी बारीक आवाज आला. लाकूड कातड्याला टेकल्याचा. पडल्याचा नाही. तिने उजवी काठी आपल्या उजवीकडे जमिनीवर उभ्या असलेल्या ड्रमवर आडवी ठेवली होती, चष्मा काढून उशाशी ठेवतात तशी. एक श्वास घेतला, तोही आलाय. आणि डावा हात उजवीकडे गेला, राइडवर, आणि त्याने उरलेलं सगळं एकट्याने उचललं. चार मिनिटं. एक हात आणि दोन पाय. हे तिने तालमीत एकदाही केलं नव्हतं.

शेवटची झांज विझेपर्यंत मी बटणाला हात लावला नाही. नंतर आत गेले आणि तिच्या गळ्यात पडून रडले, आणि ती म्हणत होती, अगं घाम आलाय मला, लांब हो.

मग बसून मी तोच एक क्षण डब्यांत कसा आला असता, रिबनमध्ये कसा आला असता, याचा विचार केला. डब्यांत कदाचित पुसट आला असता. रिबनमध्ये फक्त राइड बंद पडल्याचं ऐकू आलं असतं, आणि ऐकणारा म्हणाला असता, बिचारी, हात गेला. ती काठी ठेवल्याचा आवाज पेन्सिलींशिवाय कुणी आणला नसता.

२८ मार्च, शनिवार

दादा दहा वाजता गाडी घेऊन आला. मी दार उघडलं आणि पहिलं हेच विचारलं, खोलीला रंग कुठला दिलास? फिका पिवळा, तो म्हणाला, तिला विचारूनच. दोन पिशव्या, एक उशी, काठ्यांची थैली एवढं सामान गाडीत गेलं. ड्रम माझ्याकडे राहणार. आत्याने त्यांच्याकडे वळून पाहिलं नाही, मास्तरांना मात्र बजावलं की मोठा ड्रम कधीही उलटा ठेवायचा नाही. मग ती गाडीत जाऊन बसली, पुढच्या सीटवर, आणि पट्टा लावायला मास्तर खाली वाकले.

दादा किल्ली विसरला म्हणून आत आला. किल्ली टेबलावर होती. ती उचलून तो निघाला आणि थांबला. स्पीकरांकडे बघून त्याने विचारलं की झालं का ते. मी हो म्हटलं. तो म्हणाला की त्याने तो तुकडा कधी ऐकलेलाच नाही. शाळेची सगळी वर्षं तो वसतिगृहात होता, पुढेही बाहेरगावीच, आणि सुट्टीत घरी आला की आत्याही सुट्टी घ्यायची, त्याच्यासाठी. इतक्या वर्षांत हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. मी पायरीवर शंभरदा ऐकला, आणि त्याने एकदाही नाही.

मी लावलं. तो उभ्यानेच ऐकत होता, किल्ली हातात, एक पाय दाराकडे. चार मिनिटं तो तसाच होता. पाचव्या मिनिटाला राइड थांबली आणि त्याने झटकन माझ्याकडे पाहिलं.

"इथे हात थांबला ना तिचा?"

मी मागे नेलं आणि आवाज वाढवला. तो बारीक आवाज आला, लाकूड कातड्यावर. मग श्वास. मग डावा हात.

"थांबला नाही," मी म्हटलं. "तिने थांबवला. ऐक, काठी ठेवली बघ."

त्याने ती जागा आणखी दोनदा ऐकली. बाहेर हॉर्न वाजला, आत्याचा, आणि लगेच परत एकदा. मास्तर दारात येऊन म्हणाले की त्या विचारतायत, निघायचं आहे की नाही.

"थांबेल ती," दादा म्हणाला. "तू पहिल्यापासून लाव."

दोन स्पीकरांच्या बरोबर मध्ये माझी खुर्ची आहे. तिथे बसलं की सगळं जागच्या जागी ऐकू येतं. ती मी कुणाला देत नाही. आज उठले, त्याला बसवलं, आणि पहिल्यापासून लावलं.